उंची कमी असेल तर उंच उडी सोडावी का?

पंधरा वर्षांच्या आपल्या मुलाची उंची पाच फूट सहा इंच आहे, म्हणून क्रीडाशिक्षकांनी त्याला उंच उडी सोडून कुस्तीकडे वळवायला सांगितले आहे. तर त्यांचे ऐकावे का, असे आपण विचारले आहे. ऐकू नये.

कोल्हापुरात शाळेत असताना मलाही हेच ऐकवले गेले होते. जिल्हा स्पर्धेच्या निवडीसाठी आमच्या शिक्षकांनी मुलांना भिंतीला टेकवून उंची मोजली आणि नावे लिहून घेतली. काठी लावून कोणाची उडी किती जाते हे पाहिलेच नाही. वर्गात माझी उडी सर्वांत वर जात होती, तरी ‘तुझा बांधा तालमीचा आहे’ एवढेच उत्तर मिळाले. खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात कुस्तीचा मान मोठा आहे आणि मलाही तिच्याविषयी आदर आहे, परंतु उडी न पाहता मुलाला तालमीत धाडणे मला तेव्हा पटले नाही आणि आजही पटत नाही. शिवाय आमच्याकडे उतरायला वाळूचा खड्डा होता. काठीवरून पाठीने जाण्याच्या आजच्या पद्धतीत पाठीवर पडावे लागते; वाळूत तसे पडता येत नाही, म्हणून सगळे कात्री उडी, म्हणजे एकेक पाय काठीपलीकडे टाकण्याची उडी, मारत, आणि कात्रीत लांब पायांचा मुलगा पुढे जाणारच. उणीव गादीची होती, दोष मात्र माझ्या उंचीला लावला गेला.

स्वीडनचे स्टेफान होल्म यांची उंची १.८१ मीटर, म्हणजे या खेळात ठेंगणीच. सिडनी ऑलिंपिकमध्ये चौथे आल्यावरही ते वेगवान धावेवर मेहनत घेत राहिले, २००४ मध्ये अथेन्सला २.३६ मीटरची उडी मारून सुवर्णपदक जिंकले आणि पुढच्या वर्षी बंदिस्त मैदानात २.४० मीटर पार केले, म्हणजे स्वतःच्या डोक्यापेक्षा ५९ सेंटिमीटर वर. अमेरिकेचे फ्रँकलिन जेकब्स तर १.७३ मीटरचेच होते. त्यांनी १९७८ मध्ये २.३२ मीटर पार केले.

उंच खेळाडूचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराच्या वजनाचा मध्यबिंदू, मुळातच वर असतो, त्यामुळे त्याला फायदा मिळतो, हे मान्य करावे लागेल; १९९३ पासून २.४५ मीटरचा विश्वविक्रम ज्यांच्या नावावर आहे, ते क्यूबाचे हाव्हिएर सोतोमायोर उंचपुरेच होते. उपजीविकेचे म्हणाल, तर भारताचे उंच उडीपटू तेजस्विन शंकर यांना या खेळामुळे अमेरिकेतील विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली, पण अशी संधी फार थोड्यांना मिळते, तेव्हा मुलाचे शिक्षण थांबवू नका. सरावासाठी जाड गादी असलेले मैदान शोधा. क्रीडाशिक्षकांनी पुन्हा उंचीचा विषय काढला, तर मुलाची आजवरची सर्वोत्तम उडी किती, हे त्यांना विचारा; तो आकडा त्यांच्याकडे नसेल, तर त्यांचा सल्ला मानण्याचे कारण नाही.