वाचकांचे प्रश्न : मुलांची कला आणि मंडळीचं (चर्चचं) काम

प्रश्न : आमच्या तरुण संघात तेरा ते सतरा वर्षांची बारा मुलं आहेत. दोघं तबला वाजवतात, तिघी छान गातात, एक जण कविता करतो. नाताळात दरवर्षी तेच ते नाटक होतं. यंदा कीर्तन बसवावं म्हणतो. झेपेल का?
– तरुण संघाच्या कार्यकर्त्या, श्रीरामपूर

उत्तर : झेपेल. तुमच्या जिल्ह्याला ते परकंही नाही. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) कृष्णराव सांगळे एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तनं करत होते. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही कीर्तन हाती घेतलं.

चाळीस मिनिटांच्या वर जाऊ नका. नमनाला तीन मिनिटं, पूर्वरंगात एका वचनाच्या निरूपणाला दहा, मधल्या भजनाला पाच, उत्तररंगातल्या आख्यानाला अठरा आणि पुन्हा मूळ वचनावर येऊन प्रार्थनेला चार. आख्यानाला उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या (बायबल, लूक १५:११-३२). तीन पात्रं आहेत आणि थोरल्या भावाचा रुसवा या वयाला लगेच कळतो.

कीर्तन फसतं ते बहुधा निरूपणात. कोणीतरी मोठं माणूस सगळं लिहून देतं आणि पोरं ते पाठ म्हणतात. मग पंधरा वर्षांच्या मुलीच्या तोंडी पन्नाशीतली वाक्यं येतात. त्यापेक्षा उतारा तीनदा मोठ्याने वाचून घ्या आणि ‘थोरला भाऊ घरात का गेला नाही?’ यावर प्रत्येकाला पाच ओळी लिहायला सांगा. त्यातून निरूपण जुळवा. चुकीचा संदर्भ जरूर सुधारा, पण विचार मुलांचाच राहू द्या. कविता करणाऱ्याला चार ओव्या रचायला द्या: पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड. फादर स्टीफन्स यांचं १६१६ साली छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ ओवीतच आहे. त्याची एक-दोन पानं वाचून दाखवली तर ठेका कानात बसेल.

गाण्याची पट्टी मुलींसाठी काळी चार किंवा पाच धरा. ज्या मुलांचा आवाज फुटतोय त्यांना त्या पट्टीत वर खेचू नका, घसा बसेल. त्यांना झांज, टाळ, निवेदन आणि खालच्या सप्तकातलं धृपद द्या. तबल्यावर नवशिक्यांची लय हमखास धावते. पहिले दोन आठवडे फोनवरचा मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं ॲप) मिनिटाला ८० ठोक्यांवर ठेवून नुसता भजनी ठेका वाजवू द्या, पेटी नंतर. आठ रविवार हाताशी हवेत. चार असतील तर सरळ आख्यान तेवढं करा. तालमीला नेहमी दोन मोठी माणसं हजर असावीत.

नाताळ झाला की तेच आख्यान वीस मिनिटांत बसवून वृद्धाश्रमात न्या. वेळ तिथल्या लोकांना विचारून ठरवा, ढोलकी नको, आणि तिथल्या आजी-आजोबांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. चर्चमध्ये टाळ्या आई-बाबांच्या असतात. ऐकू कमी येणाऱ्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा म्हणजे काय, ते मुलांना वृद्धाश्रमातच कळतं.

प्रश्न : मुलगी चौदा वर्षांची आहे, चित्रं उत्तम काढते. संडे स्कूलच्या भिंतीवर तिने नऊवारीतली मरिया काढायची ठरवलीय, पण एका ज्येष्ठांनी ‘हे चालणार नाही’ म्हणून सांगितलं. ती हिरमुसलीय.
– एक पालक, पुणे

उत्तर : तिला आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं दाखवा. हे गोव्याचे (१९०२-१९६७). शांतिनिकेतनात शिकले आणि पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडीतली मरिया रंगवली. गोव्यात त्यांच्यावरही टीका झाली. ज्येष्ठांशी वाद मात्र तिने घालू नये, तो भार तुमचा. भिंतीला हात लावण्याआधी कागदावर एक इंच म्हणजे एक फूट या मापाने रंगीत कच्चं चित्र करून पाळकसाहेब आणि पास्टरेट कमिटीपुढे (चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे) ठेवा. अर्धवट रंगलेली भिंत पुसायला लावली तर मूल पुन्हा ब्रश धरत नाही.

भिंत तपासा. जुन्या चुन्यावर थेट रंग दिला की पापुद्रे सुटतात, म्हणून खरवडून प्रायमर हवा. सहा बाय आठ फुटांच्या तुकड्याला एक लिटर पुरतो. ओल असेल तर भिंतीचा नाद सोडा आणि प्लायवर काढू द्या. चौकोन आखून खाली लहान मुलांना रंग भरायला बोलवा. निर्गम ३५:३४ मध्ये निवासमंडपाचा कारागीर बसालेल याला कारागिरीबरोबर शिकवण्याची बुद्धीही दिली होती, हे सहसा कोणी वाचून दाखवत नाही.

प्रश्न : मुलगा दहावीत आहे आणि दर रविवारी दोन्ही उपासनांना कीबोर्ड वाजवतो. बंद करावं का?
– एक आई, ठाणे

उत्तर : बंद नको, पाळी लावा. १ इतिहास २५ मध्ये २८८ गायक चोवीस गटांत वाटले आहेत, गुरू आणि शिष्य एकाच चिठ्ठीत. एकाच पोरावर दर रविवार टाकणं ही मंडळीची सोय झाली. परीक्षा होईपर्यंत त्याच्याकडे महिन्यातला एकच रविवार, एकच उपासना ठेवा. आत्ताच दोन धाकट्यांना शिकायला बसवा. पहिल्या महिन्यात तीन गाणी, तीही एकाच पट्टीत. कमिटीला हे तोंडी सांगू नका, पाळीचा कागद लिहून द्या.