झडप कोणाची? आणि ससाण्यातला ससा

प्रश्न असा आला आहे: ‘शार्कने पोहणाऱ्यावर झडप घातली’ असं बातम्यांत सारखं ऐकू येतं. झडप तर ससाण्याची, घारीची. शार्कला ती चालते का?

बहुतेक वेळा नाही. झडपेत अंग झोकून देणं आहे आणि भक्ष्य धरणं आहे. वाघ झडप घालतो, मांजरही घालते, तेव्हा पंखांची अट नाही. मोठा पांढरा शार्क सीलच्या खालून सुसाट वर येतो, कधी कधी सगळाच्या सगळा पाण्याबाहेर उसळतो. तिथे झडप म्हणा, माझी हरकत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र बऱ्याचदा तो एकदा चावतो आणि निघून जातो. त्याला ‘चावा घेतला’ हा साधा शब्द आहे की! तो वापरायला लाज का वाटते कोण जाणे. याहून मला छळतं ते ‘गिधाडासारखी झडप’. गिधाड मेलेलं खातं. त्याच्या पायांत भक्ष्य पकडून ठेवण्याइतका जोरच नसतो. ते झडप घालणार कशाने?

असो. तुम्ही ससाण्याचं नाव काढलंच आहे, तर खरी गंमत तिथे आहे. ससाणा म्हणजे ससा खाणारा. संस्कृतात शशादन, म्हणजे शश अधिक अदन. अमरकोशात शशादन, पत्री, श्येन हे एकाच पक्ष्याचे पर्याय म्हणून दिले आहेत. आता प्राकृताच्या वाटेने चला. शशकाचा ससा झाला तसा इथेही ‘श’चा ‘स’. पादाचा पाय होताना ‘द’ गळाला, तसा इथेही गळाला. पानीयाचं पाणी होताना ‘न’चा ‘ण’ झाला, तसा इथेही झाला. ससाअण, आणि मग ससाणा. एकही पायरी ओढूनताणून नाही.

तरीही माझे एक संस्कृतज्ञ स्नेही हट्टाने सांगतात की ससाणा ‘श्येन’पासून आला. मग त्यांनी दुसरा ‘स’ कुठून आणला ते दाखवावं. श्येनाचं प्राकृतात सेण होतं, आणि मराठीत ‘ए’च्या आधी ‘श’ येतो, म्हणजे शेण! गोठ्यातलं शेण आपल्याकडे आधीपासून आहेच, ते छगणापासून आलेलं. माझा तर्क असा की आकाशातल्या राजाला त्या नावाने हाक मारायला कोणाची जीभ धजेना, म्हणून मराठीने श्येन सोडला आणि शशादन धरला. पुरावा मागू नका, पण तर्क मला फार आवडतो.

प्राणिशास्त्रवाले लगेच म्हणतील की बहिरी ससाणा ससे खातच नाही. बरोबर आहे. तो मुख्यतः उडते पक्षी मारतो. ताशी 300 किलोमीटरच्या वर वेगाने सूर मारतो, पायांनी तडाखा देतो आणि मग चोचीने मान मोडतो. ससे धरणारे ते गरुडासारखे दांडगे पक्षी. पण नावं ठेवणारे लोक पक्ष्यांची कुळं तपासत बसत नव्हते. (आणि हा ‘बहिरी’ कानाने बहिरा नव्हे! अरबी ‘बह्र’ म्हणजे समुद्र, त्यावरून आलेला बहरी.)

अदनातला ‘अद्’ हा धातूही सोडू नका. अन्न त्याचंच, आणि दंतसुद्धा त्याचाच, खाणारा तो दंत, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. आता पाहा, ससाण्याच्या नावात अदन आहे पण तोंडात दात नाहीत. चोचीच्या कडेला दातासारखं एक टोक तेवढं आहे, मान मोडायला तेच कामी येतं. शार्कच्या जबड्यात मात्र दातांच्या रांगांवर रांगा, पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. मोठ्या पांढऱ्याचे दात करवतीसारखे. भक्ष्य धरून तो डोकं डावी-उजवीकडे झटकतो आणि मांस कापून काढतो. ‘लचका तोडला’ हे शब्द इथे अगदी चपखल बसतात.

पण सगळ्याच शार्कना लचका लावू नका. व्हेल शार्क पाणी गाळून बारीक जीव खातो. त्याच्यासाठी ‘गिळतो’ पुरे. आणि शार्कला देवमासा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. देवमासा म्हणजे व्हेल, तो पिलांना दूध पाजतो, मासा तर तो नव्हेच.