दोर सैल आहे की ताणलेला?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. लाटरोधक भिंतीवर तीन तास बसूनही ‘मोठं जहाज आलं, चार टग आले, हळूहळू धक्क्याला लागलं’ एवढंच वहीत उतरलं, म्हणून तुझा हिरमोड झालेला दिसतो. पण ‘हळूहळू’ हा शब्द तुझ्या पत्रात तीनदा आलाय. मला त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, कारण माझी उमेदीची सगळी वर्षं टगवर, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणाऱ्या-ढकलणाऱ्या छोट्या पण ताकदवान बोटीवर, तो हळूपणा सांभाळण्यात गेली.

४०० मीटर लांब आणि साठेक मीटर रुंद कंटेनर जहाज भर समुद्रात बलाढ्य असतं. बंदराच्या तोंडाशी ते पांगळं होऊ लागतं. सुकाणू चालतं ते त्याच्यावरून वाहणाऱ्या पाण्याच्या जोरावर. वेग उतरला की सुकाणू कितीही फिरवा, जहाज ऐकत नाही. बरं, वेग ठेवावा तर थांबायचं कसं? या जहाजांचं इंजिन थेट जहाज ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याला जोडलेलं असतं, मध्ये गिअर नसतो. मागे जायचं तर इंजिन थांबवून, दाबलेल्या हवेने ते उलट्या दिशेला पुन्हा सुरू करावं लागतं, आणि ती हवा टाक्यांमध्ये मोजकीच असते. टाक्या पुन्हा न भरता किमान १२ वेळा इंजिन सुरू करता यावं, असा नियम आहे. बारा हा आकडा घरी बसून पुष्कळ वाटतो. अरुंद वळणावर तो पुष्कळ वाटत नाही.

त्यात वारा. वहीत हिशोब करून बघ. जहाजाची लांबी ४०० मीटर, रचलेल्या कंटेनरांसकट पाण्यावरची उंची ४० मीटर धर. म्हणजे १६ हजार चौरस मीटरची भिंत. ताशी ३६ किलोमीटरचा वारा तिच्यावर आडवा आला, तर साधारण १०० टनांचा रेटा बसतो. वारा ताशी ५४ वर गेला की तोच रेटा २०० टनांच्या पुढे जातो, कारण रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. चांगल्या टगची ओढ ७०-८० टन असते. (ही ओढ मोजायची रीत मला फार आवडते: टगला धक्क्यावरच्या खुंटाला बांधतात, मध्ये वजनमापक लावतात आणि पूर्ण ताकदीने ओढायला सांगतात.) म्हणून पुढच्या वेळी भिंतीवर पोचल्यावर आधी वारा कुठून येतोय ते बघ आणि टग किती आहेत ते मोज. जहाज नंतर.

आता सगळ्यात मागचा टग शोध. बहुतेक बंदरांत दोर आधी तिथे लागतो, जहाजाच्या मागच्या टोकाला, बरोबर मध्यावर. तो जहाजाचा ब्रेक आणि उसनं सुकाणू. आधुनिक टगचे पंखे खालच्या खाली पूर्ण गोल फिरतात, त्यामुळे तो कुठल्याही दिशेला ओढू शकतो. जहाज अजून आठ-दहा नॉटवर (ताशी साधारण १५ ते १९ किलोमीटर) असेल तेव्हा हा टग आपलं अंग पाण्याच्या धारेला तिरपं करतो. वाहतं पाणी टगच्या बुडावर आदळतं आणि नुसत्या इंजिनाने मिळाली नसती इतकी ओढ दोरावर येते. लांबून बघणाऱ्याला वाटतं टग भरकटला. त्या क्षणी तो सगळ्यात जास्त काम करत असतो.

पुढे नाळेशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, दोर घेणं मात्र मला शेवटपर्यंत सोपं वाटलं नाही. चालत्या जहाजाच्या नाळेजवळ पाणी आधी टगला बाहेर ढकलतं, आणि जरा मागे सरकलात की आत खेचतं. एका बंदरात, नवखा असताना, मी डेकवर उभा होतो. आमचा दोर टगच्या आडव्या अंगावर आला. दोर ओढतोय आडवा आणि टग चाललाय पुढे, अशा वेळी टग काही सेकंदांत उलटू शकतो. एका बाजूची डेक पाण्याखाली गेलेली मला आठवते. आमच्या मास्तरांनी, म्हणजे टगच्या कप्तानांनी, दोर तत्काळ सोडायची कळ दाबली. म्हणून आज हे पत्र लिहितोय. तुला नाळेजवळचा टग दिसला तर त्याच्यावरच्या माणसांसाठी क्षणभर श्वास रोखून बघ, मला एवढंच म्हणायचं आहे.

जहाजाच्या पोटावर ‘टग’ अशी अक्षरं आणि बाण रंगवलेले असतात. तिथे आतून पत्रा भक्कम केलेला असतो, ढकलायचं तिथेच. अर्धा पांढरा, अर्धा लाल झेंडा दिसला तर पायलट, म्हणजे बंदरात जहाजाला वाट दाखवणारा जाणकार, जहाजावर आहे. तो चालत्या होडीतून दोराच्या शिडीने चढलेला असतो. चढण ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर शिडीला जिन्याची जोड द्यावी लागते. त्याने रेडिओवर दिलेला प्रत्येक हुकूम टगचा मास्तर शब्दशः परत उच्चारतो.

तू विचारलंस, टग नुसताच बरोबर चालत असेल तर त्याचा उपयोग काय. २६ मार्च २०२४ ला बाल्टिमोरमध्ये ‘डाली’ हे सुमारे ३०० मीटरचं कंटेनर जहाज धक्का सोडून निघालं. धक्क्यावरून काढून देणारे दोन टग आपलं काम संपवून परतले होते. पुढे जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळलं आणि पुलावर काम करणारे सहा जण गेले. टग असते तर वाचवू शकले असते का, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण त्या दिवसानंतर सैल दोर बांधून निमूट मागे येणाऱ्या टगकडे मी वेगळ्या नजरेने बघतो.

शेवटची पाच मिनिटं चुकवू नकोस. अडीच-तीन लाख टनांचं ते धूड धक्क्याला टेकतं तेव्हा वेग सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आत ठेवायचा असतो. वेग दुप्पट झाला तर आदळण्याची ऊर्जा चौपट. म्हणून कधी कधी उलटंच दिसेल: जहाज धक्क्याकडे सरकतंय आणि टग त्याला धक्क्यापासून दूर ओढताहेत. टगच्या मागचा पांढरा फेस बघ. फेस कुठे जातोय आणि किती दाट आहे, यावरून किती जोर लागलाय ते कळतं. दोर ताणला, सैल झाला, पुन्हा ताणला, याच्या वेळा लिहून ठेव.

जहाज बांधून झाल्यावरही लगेच उठू नकोस. टगचा दोर जहाजावरून सोडतात तेव्हा तो धपकन टाकायचा नसतो, पातळ दोरीने सावकाश खाली उतरवायचा, नाहीतर पंख्यात जातो. त्या खलाशांनी तो कसा उतरवला, ते मला लिही.