व्याजदराच्या आधी मुदतीची तारीख पाहावी

मुलगी 1 वर्षाची असताना तिच्या कॉलेजसाठी दरमहा 3,000 रुपये बाजूला काढण्याची घाई कशाला, आणि काढलेच तर ते कोठे ठेवावेत, असे आपण विचारले आहे. घाई अवश्य करावी. 7 टक्के व्याज धरले तरी 17 वर्षांत या रकमेचे सुमारे 11.7 लाख होतात. मुलगी 8 वर्षांची झाल्यावर सुरुवात केलीत, तर तेवढ्याच रकमेसाठी दरमहा 6,700 हून अधिक भरावे लागतील.

मात्र कोठे ठेवू नयेत, हे मी अनुभवाने सांगू शकतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आणि घरचाच हिशेब चुकवला. डिसेंबर 2000 मध्ये, मुलगा 8 महिन्यांचा असताना, विमा एजंट असलेल्या साडूभाऊंच्या शब्दाखातर मी 18 वर्षांची पॉलिसी घेतली. पत्नीचे म्हणणे पोस्टात पीपीएफ, म्हणजे सरकारी दीर्घ मुदतीच्या बचतीचे खाते, उघडावे असे होते. मी तिला गप्प केले. जुलै 2018 मध्ये इंजिनिअरिंगची फी भरण्याची वेळ आली तेव्हा पॉलिसीची मुदत संपायला 5 महिने बाकी होते. साडूभाऊ चहा ढवळत म्हणाले, "पाव्हणं, डिसेंबरपर्यंत थोडं थांबा की." कॉलेज थांबणार नव्हते. गणपती पेठेतल्या पतसंस्थेत पत्नीने हातातल्या पाटल्या स्वतःच उतरवून काट्यावर ठेवल्या आणि माझ्याकडे न पाहता सही केली.

वर्षाला 11,000 प्रमाणे 1.98 लाख भरून मला साडेतीन लाख मिळाले, म्हणजे पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. त्याच 18 वर्षांत पीपीएफचा दर 7.6 टक्क्यांच्या खाली कधीच गेला नाही. तेथे सव्वाचार लाखांहून अधिक झाले असते. साडूभाऊ आजही प्रत्येक लग्नकार्यात "विमा होता म्हणून तुम्ही निर्धास्त होता" असे ऐकवतात. खरे सांगायचे तर मधल्या काळात माझे काही बरेवाईट झाले असते, तर त्या पॉलिसीनेच घर तारले असते, हे मला मान्य आहे. म्हणून आपण विमा जरूर घ्यावा, पण तो आपल्या नावावर, निव्वळ मुदत विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाल्यास पैसे देणारा. बचत त्यात मिसळू नये.

आपल्याला मुलगी आहे, तेव्हा निम्मी रक्कम सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेत टाकावी. मात्र ते खाते उघडल्यापासून 21 वर्षांनी परिपक्व होते, म्हणजे मुलगी 22 वर्षांची झाल्यावर. शिक्षणासाठी ती 18 वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर आधीच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकेच्या 50 टक्क्यांपर्यंतच रक्कम काढता येते. उरलेली निम्मी इंडेक्स फंडाच्या (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) एसआयपीत, म्हणजे दरमहाच्या ठरावीक हप्त्याने, ठेवून ती मुलीच्या पंधराव्या वर्षापासून हळूहळू मुदत ठेवीत आणावी, कारण बाजार फीच्या तारखेची वाट पाहत नाही. सुकन्याचे पैसे मात्र महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरावेत, नाहीतर त्या हप्त्यावर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही.