हजार अंशांची भट्टी लांबूनच कशी मोजायची?

भाऊ, तुम्ही विचारलंय की ताप बघायच्या गनसारखी गन गावच्या वीटभट्टीवर चालेल का, आणि खोक्यावर १६०० अंश छापलंय म्हणजे ती तेवढं बरोबर दाखवेल का. मी कोरपना तालुक्यातल्या एका सिमेंट कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम बघतो. गन चालेल. पण ती कोणत्या तरंगलांबीवर बघते आणि तुम्ही ती कुठे रोखता, यावर सगळं आहे. खोक्यावरचा आकडा त्यानंतर.

तापलेली वस्तू प्रारण सोडते, म्हणजे उजेडासारखेच पण बहुतेक डोळ्याला न दिसणारे तरंग. ताप वाढला की प्रारण वाढतं आणि आखूड तरंगांकडे सरकतं. आपल्या अंगातून सर्वाधिक प्रारण ९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास निघतं, हजार अंशांच्या विटेतून २.३ च्या. साधारण ५२५ अंशांना त्यातलं थोडं डोळ्याला दिसू लागतं आणि वस्तू अंधारात मंद लाल दिसते. लोहार रंगावरून ताव ओळखतो तो असा, आणि म्हणूनच त्याला सावली लागते. भर उन्हात तेच लोखंड कमी तापलेलं वाटतं.

१९०० च्या सुमारास जर्मनीत होलबोर्न आणि कुर्लबाउम यांनी या नजरेला मापात बसवलं. लाल काचेच्या दुर्बिणीतून भट्टीकडे बघायचं, मधे दिव्याची बारीक तार. करंट कमी असला तर तार काळी दिसते, जास्त झाला तर झगझगते, आणि मधे कुठेतरी ती दिसेनाशीच होते. तेव्हा दोन्हींची चमक सारखी. करंटवरून तापमान काढायचं. मला ही युक्ती अजून आवडते. किती उजेड आहे हे डोळा सांगू शकत नाही, पण दोन उजेड सारखे आहेत का हे अचूक ओळखतो. आणि ही पद्धत दुय्यम समजू नका: चांदी गोठते त्या ९६१.७८ अंशांच्या वर आंतरराष्ट्रीय तापमान मापक्रमच प्लांकच्या प्रारण नियमावर, म्हणजे किती तापमानाला कोणत्या तरंगलांबीवर किती प्रारण निघतं ते सांगणाऱ्या सूत्रावर, बेतलेला आहे.

खरी भानगड एमिसिव्हिटीची, म्हणजे त्या तापमानाला शक्य असलेल्या पूर्ण प्रारणातला किती हिस्सा वस्तू सोडते त्या आकड्याची (पूर्ण म्हणजे १). सारख्याच तापमानाला वीट भरपूर प्रारण सोडते, चकचकीत धातू फार कमी. गनमध्ये हा आकडा भरावा लागतो. तो १० टक्के चुकला तर हजार अंशांना ०.६५ मायक्रॉनवर बघणारं यंत्र ७-८ अंशांनी चुकतं. १० मायक्रॉनच्या आसपास बघणारं सुमारे ७५ अंशांनी. बऱ्याचशा स्वस्त गन ८ ते १४ मायक्रॉनच्या असतात, मग खोक्यावर काहीही छापलेलं असो. भट्टीसाठी १ मायक्रॉनच्या आसपासची घ्या. महाग पडते, पण विटेच्या बाबतीत ७५ अंश म्हणजे कच्ची आणि पक्की यातला फरक.

दुसरं म्हणजे रोखायची कुठे. बाहेरच्या भिंतीवर रोखाल तर भिंतीचंच तापमान मिळेल. जाळाच्या तोंडातून आत, विटांवर रोखा. चारही बाजूंनी सारखं तापलेल्या पोकळीच्या लहान भोकातून येणारं प्रारण जवळजवळ पूर्ण असतं, म्हणजे एमिसिव्हिटी १ च्या जवळ, आणि वरची भानगड बरीचशी मिटते. आतल्या विटांच्या कडा एकमेकींत मिसळून दिसेनाशा झाल्या की ताप सगळीकडे सारखा झाला असं समजा. मात्र ज्वाळ मधे असताना रीडिंग घेऊ नका. धूर-धूळ असेल तर गन कमी दाखवते. आमच्या किल्नमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भट्टीत, क्लिंकर (जो दळून सिमेंट होतं तो भाजलेला माल) साधारण १४५० अंशांना भाजतो आणि आत धुळीचे लोट असतात, तिथे दोन तरंगलांब्यांच्या प्रारणाचं गुणोत्तर बघणारा पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारं यंत्र) लावतात. धुळीने दोन्ही सारखेच घटले तर गुणोत्तर बदलत नाही.

तुमच्याकडे तोंडं लिंपून टाकत असतील तर त्यानंतर गनचा उपयोग नाही. मग भट्टी रचतानाच आत के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक) ठेवा, स्वस्तात काम होईल.

गन घ्यायचीच असेल तर अंतराचं गुणोत्तरही बघा. लेसरचा ठिपका फक्त नेम धरायला असतो. १२:१ ची गन १२ फुटांवरून १ फुटाचा गोल बघते, म्हणजे ४ इंची तोंडासाठी ४ फुटांच्याही आत जावं लागेल. बहुतेक गन स्वतः ५० अंशांपर्यंतच्याच हवेत नीट चालतात. आपल्याकडच्या मे महिन्यात, पेटत्या भट्टीपुढे ३ फुटांवर, ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते. ५०:१ ची घेतलीत तर १५ फुटांवर सावलीत उभं राहून काम होईल.