वाचकांचे प्रश्न : उजेड वाटेतच कुठे सांडतो?

प्रश्न : माझ्याकडे 2014 सालची, 12 व्होल्टची पिकअप आहे. ओतूरहून कांदा व टोमॅटो भरून मी माळशेज घाटाने कल्याणकडे जातो आणि बहुतेक प्रवास रात्रीचाच असतो. गाडीला साधे 60/55 वॉटचे (अप्परला, म्हणजे दूरच्या उजेडाला 60 आणि डिप्परला, म्हणजे जवळच्या उजेडाला 55) हॅलोजन बल्ब आहेत. पण डिप्परवर समोरचा रस्ता पिवळट व अंधूक दिसतो, आणि तरीही समोरून येणारे चालक मलाच डिप्पर मारतात. आमच्या इलेक्ट्रिशियनने 100/90 वॉटचे बल्ब बसवण्याचा सल्ला दिला आहे. एका मित्राने गाडी चालू ठेवून व डिप्पर लावून मल्टिमीटरने मोजले, तेव्हा बॅटरीवर 14 व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर 11.8 व्होल्ट दिसले. मोठे बल्ब बसवावेत का?
— एक वाचक, ओतूर (जि. पुणे)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य सर्वांत मोलाचे आहे आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. बॅटरीपासून निघालेल्या 14 व्होल्टपैकी 2.2 व्होल्ट बल्बपर्यंत पोहोचतच नाहीत. ते वायर, कॉम्बिनेशन स्विच (स्टिअरिंगजवळचा दिव्यांचा स्विच), फ्यूजबॉक्स, जोडण्या आणि अर्थ (चेसिसमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट) यांत उष्णता होऊन संपतात. हॅलोजन बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडे घटले तरी त्याचा उजेड फार घटतो, कारण प्रकाश हा व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. आपल्या बल्बचा अधिकृत प्रकाश (अप्परला सुमारे 1650 आणि डिप्परला सुमारे 1000 ल्यूमेन; ल्यूमेन हे प्रकाश मोजण्याचे एकक) 13.2 व्होल्टवर मोजलेला असतो. 11.8 व्होल्टवर त्याच बल्बमधून त्याच्या दोनतृतीयांशाहून किंचित जास्त एवढाच प्रकाश बाहेर पडतो आणि फिलामेंट पुरेसे तापत नसल्यामुळे तो पिवळा दिसतो. म्हणजे बल्ब लहान नाही. तो उपाशी आहे.

याच वायरिंगवर 100/90 वॉटचे बल्ब बसवले तर काय होईल, ते पाहू. जास्त वॉटचा बल्ब जास्त करंट ओढतो, जास्त करंटमुळे वायरमधील व्होल्टेजची घट वाढते, आणि आमचा अंदाज असा की होल्डरवर साडेदहा व्होल्टच्या आसपासच काही उरेल. पैसे मोठ्या बल्बचे जातील, उजेड मात्र जेमतेम वाढेल. उलट वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढत असल्याने ती दुपटीहून अधिक होईल. होल्डरचे प्लास्टिक काळे पडणे, स्विचचे पॉइंट जळणे, रिफ्लेक्टरचा चकचकीत मुलामा फुगून उडणे, ही सगळी लक्षणे अशा गाड्यांवर नेहमी आढळतात. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई आहे, आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपवणारा बल्ब हा केवळ दंडाचा विषय नाही. तेव्हा 60/55 वॉटचेच बल्ब ठेवावेत आणि त्यांना पूर्ण व्होल्टेज मिळवून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नवीन वायर ओढण्यापूर्वी तोटा नेमका कुठे आहे ते शोधावे. डिप्पर चालू ठेवून मीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी तार होल्डरच्या डिप्परच्या टोकावर लावली, तर पॉझिटिव्ह बाजूची घट थेट दिसते. त्याचप्रमाणे होल्डरच्या अर्थच्या टोकापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मोजले, तर अर्थच्या बाजूची घट कळते. अर्थच्या बाजूला अर्ध्या व्होल्टएवढे दिसले, तर चेसिसवरील गंजलेला बोल्ट खरवडून, जोडणी घट्ट करून त्यावर ग्रीस लावावे. दहा पावसाळे पाहिलेल्या गाडीत हा दोष हमखास असतो, आणि तो काढायला एक पान्हा व पॉलिश पेपर एवढेच लागते.

उरलेल्या तोट्यावर उपाय म्हणजे रिलेचे (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचे) वायरिंग. त्यामागची कल्पना साधी आहे : आज बल्बचा सगळा करंट डॅशबोर्डच्या मागून, स्विचमधून फिरून येतो, रिले बसवल्यावर जुन्या वायरमधून केवळ रिलेची कॉइल चालवण्यापुरता, म्हणजे साधारण 0.2 अँपिअर करंट जातो आणि बल्बला लागणारा करंट बॅटरीपासून जवळच्या वाटेने, जाड वायरमधून थेट मिळतो. अप्परसाठी एक व डिप्परसाठी एक असे दोन रिले घ्यावेत. रिलेच्या 30 क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून येणारी वायर, 87 ला बल्बकडे जाणारी वायर, आणि 85 व 86 या टोकांना जुन्या होल्डरमधून येणारा इशारा व अर्थ जोडावा. वायर तांब्याची व 2.5 चौरस मिलिमीटरची असावी. अर्थची वायरही तेवढीच जाड असावी, कारण अनेकजण पॉझिटिव्ह वायर जाड टाकतात आणि अर्थ जुनीच ठेवून निम्मा फायदा घालवतात. प्रत्येक रिलेच्या वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत 20 अँपिअरचा फ्यूज हवाच. त्याशिवाय रिलेच्या पुढे डाव्या व उजव्या दिव्याला प्रत्येकी 10 अँपिअरचा वेगळा फ्यूज द्यावा, असा आमचा आग्रह आहे. एका बाजूची वायर घासून शॉर्ट झाली, तर दोन्ही दिवे एकदम जाऊन घाटाच्या वळणावर काळोख होण्यापेक्षा एक दिवा शिल्लक राहिलेला बरा.

बाजारात तयार हार्नेस (रिले, वायर व होल्डर एकत्र जोडलेला संच) मिळतो आणि तो चालतो. मात्र त्यावर कितीही वॉटचा आकडा छापलेला असला, तरी एखादे टोक सोलून आत तांबे किती आणि रबर किती ते पाहून घ्यावे. होल्डर सिरॅमिकचा घ्यावा. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे, वायर नळीतून घेऊन सायलेन्सरचा पाइप व रेडिएटरचा पंखा यांपासून दूर बांधावी, आणि रिलेची टोके खालच्या दिशेला ठेवावीत, म्हणजे पाणी साचत नाही. जोडणी पीळ देऊन टेप गुंडाळण्याची नसावी. ती क्रिम्प करून (धातूच्या टोकात वायर दाबून बसवून) वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी चढवलेली असावी. मूळ वायर मात्र कुठेही कापू नये. जुना होल्डर हार्नेसच्या प्लगमध्ये नुसता बसवलेला असला, की रस्त्यात रिले बिघडल्यास तोच होल्डर काढून पुन्हा थेट बल्बला लावता येतो आणि अंधूक का होईना, पण घरी पोहोचता येते.

एक सावधगिरी. काही गाड्यांत, विशेषतः जपानी धाटणीच्या, दिव्याला पॉझिटिव्ह कायम असतो आणि स्विच अर्थच्या बाजूने तोडला-जोडला जातो. अशा गाडीला नेहमीचा हार्नेस जसाच्या तसा लावला तर अप्पर-डिप्परची अदलाबदल होते किंवा दिवे लागतच नाहीत. म्हणून जोडण्यापूर्वी होल्डरची तिन्ही टोके मीटरने तपासावीत.

हे काम नीट झाले आणि होल्डरवर 13.4 व्होल्ट आले, तर आजच्या मानाने आपल्याला सुमारे दीडपट प्रकाश मिळेल, तोही त्याच बल्बमधून. पूर्ण व्होल्टेजवर बल्बचे आयुष्य थोडे कमी होते, म्हणून एक जोड गाडीत ठेवावी. काचेला बोट लावू नये. त्वचेच्या तेलामुळे काच त्या जागी जास्त तापते व बल्ब लवकर जातो. निळसर काचेचे बल्ब टाळावेत, कारण त्यांचा रंग हा प्रकाशातून काढून घेतलेला भाग असतो.

आता समोरचे चालक आपल्याला डिप्पर का मारतात, याविषयी. आपले दिवे प्रखर नाहीत, ते वर पाहत आहेत. मागे माल भरला की पाट्यांच्या स्प्रिंगा दबतात, नाक वर उठते, आणि रिकाम्या गाडीवर नीट बसवलेला फोकस (दिव्याच्या झोताची दिशा) भरल्या गाडीत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्या डॅशबोर्डवर दिव्यांची पातळी बदलणारी चकती असेल, तर फोकस रिकाम्या गाडीवर, चकती शून्यावर ठेवून लावावा आणि माल भरल्यावर चकती फिरवावी. नसेल, तर नेहमीएवढा माल भरूनच फोकस लावावा. सपाट जागेवर भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करावी, टायरची हवा तपासावी, भिंतीवर बल्बच्या मध्याच्या उंचीची रेघ आखावी, आणि डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारे 10 सेंटीमीटर खाली आणावी. आपण डावीकडून चालतो, म्हणून ती कड डाव्या बाजूला थोडी वर चढलेली दिसेल; तो दोष नाही. वायरिंग बदलल्यानंतर हे न करणे म्हणजे समोरच्याला दीडपट त्रास देणे होय. माळशेजच्या पावसाळी धुक्यात मात्र अप्पर लावूच नये, पांढरी भिंत उभी राहते.

प्रश्न : वायरिंगच्या भानगडीत पडण्यापेक्षा हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब घ्यावेत का? करंटही कमी लागतो.
— एक वाचक, संगमेश्वर

उत्तर : करंट कमी लागतो हे खरे, पण आमचा सल्ला नकारार्थी आहे. आपल्या दिव्याचा रिफ्लेक्टर एका विशिष्ट जागी असलेल्या, बारीक, सर्व बाजूंनी प्रकाश देणाऱ्या फिलामेंटसाठी घडवलेला असतो. डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते, जी रिफ्लेक्टरच्या खालच्या अर्ध्या भागाकडे जाणारा प्रकाश अडवते. उजेडाची वरची कड त्यामुळेच कापल्यासारखी दिसते. एलईडीच्या चपट्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांची जागा फिलामेंटशी तंतोतंत जुळत नाही. परिणामी गाडीपुढचा पहिला पट्टा लख्ख उजळतो, चालकाला वाटते की उजेड खूप वाढला, पण दूरचा रस्ता, जिथे रात्री खरी नजर लागते, तिथे प्रकाश कमीच पडतो आणि उरलेला समोरच्याच्या काचेवर विखुरतो. मूळ एलईडीसाठीच घडवलेला संपूर्ण दिवा ही गोष्ट वेगळी, तो उत्तम असतो. कोकणच्या दमट हवेत अशा बल्बमागचा छोटा पंखा अडकला की बल्ब तापून मंदावतो, हेही लक्षात घ्यावे.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हात माझ्या गाडीच्या दिव्यांचे कव्हर पिवळे पडले आहे. टूथपेस्टने घासावे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : चार दिवस बरे दिसेल. पॉलिकार्बोनेटच्या कव्हरवरील संरक्षक थर उन्हाने निघून गेल्यामुळे ते पिवळे पडते, म्हणून तो खराब थर पाण्यासह 1000, मग 2000 नंबरच्या पेपरने घासून काढावा, पॉलिश करावे आणि त्यावर अतिनील किरणांपासून वाचवणारा पारदर्शक थर चढवावा. हा शेवटचा थर न दिल्यास काही महिन्यांत पुन्हा पिवळेपणा येतो. कव्हर काचेचे असेल तर ते पिवळे पडत नाही; तेव्हा घासण्याआधी नखाने टिचकी मारून आवाज ऐकावा.