‘रिक्त सत्र’ नको, ‘फुरसत’ लिहा

प्रश्न असा आहे: मुक्त सॉफ्टवेअरवाल्या स्वयंसेवकांच्या परिषदेचं वेळापत्रक मराठीत करायचंय. ज्या तासांना भाषण ठरलेलं नाही, तिथे ‘रिक्त सत्र’ लिहावं की ‘रिकामा वेळ’?

दोन्ही नकोत. हल्ली ऊठसूट ‘रिक्त’ वाचून वैताग येतो. रिक्त असतं ते पद, भरायचं राहून गेलेलं. आणि ‘रिकामा’ म्हटलं की न्हावी भिंतीला तुंबड्या लावायला निघालाच. या परिषदांत तो वेळ राहून गेलेला नसतो, मुद्दाम राखलेला असतो. डेबियन ही मुक्त संगणकप्रणाली बनवणाऱ्या स्वयंसेवकांचंच घ्या. सप्टेंबर 2023मध्ये कोचीला त्यांची वार्षिक परिषद, डेबकॉन्फ, झाली. तिच्या आधीचा आठवडा डेबकॅम्पचा: भाषणांसाठी नव्हेच, शेजारीशेजारी लॅपटॉप उघडून अडलेली कामं हातावेगळी करण्यासाठी. मुख्य परिषदेतही काही तास मोकळे असतात, विषय सुचेल त्याने मागून घ्यावेत.

याला आपल्याकडे शब्द आहे, ‘फुरसत’. आपण तो उगाच आळसाच्या खात्यात टाकला. मूळ अरबी ‘फुर्सा’ म्हणजे संधी. आणि जुने अरबी कोश उघडलेत तर त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ सापडतो: पाणवठ्यावर आळीपाळीने पाणी घेताना ज्याच्या-त्याच्या वाट्याला येणारी पाळी! कालव्याच्या पाळीवर शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाळी रात्री दोनला आली तर तो दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. त्या वेळाला रिकामा कोण म्हणेल? फारसीच्या वाटेने मराठीत येईपर्यंत संधीची सवड झाली, पाण्याचा अर्थ आटला. तरी ‘फुरसत मिळाली’ यातल्या ‘मिळाली’त तो वाटा अजून शिल्लक आहे, असं माझं ठाम मत आहे.

भाषाशुद्धीवाले इथे ‘अवकाश’ पुढे करतात. संस्कृतात ठीक. पण मराठीत ‘त्याला अजून अवकाश आहे’ म्हणजे ती गोष्ट लांब आहे, आणि पाटी वाचून माणूस दारातूनच परत जाईल. शब्द अरबी-फारसी म्हणून नको, हा युक्तिवाद तर मला मुळीच मान्य नाही. याच मंडळींचे ‘अर्ज’ आणि ‘हजेरी’ त्याच वाटेने आलेत.

चहाच्या वेळेपुढे सरळ ‘मधली सुट्टी’ लिहा. मागून घ्यायच्या तासांपुढे ‘फुरसत’ लिहा, आणि खाली नाव नि विषय टाकायला एक ओळ सोडा.